लावणे आणि वाजवणे : डीजेच्या प्रयोगातील प्रत्यक्षतेचा प्रश्न

१

मराठीत सतार वाजवतात आणि ध्वनिमुद्रिका लावतात. भाषेने हा भेद कोणत्याही सौंदर्यशास्त्रीय चर्चेची वाट न पाहता करून ठेवला आहे. 'वाजवणे' या क्रियापदात करणाऱ्याचे अंग, त्याचा सराव आणि चुकण्याची शक्यता गृहीत धरलेली असते. 'लावणे' या क्रियेस एवढे काही लागत नाही. सुई तबकडीवर टेकली की कर्त्याचे काम संपते, आणि पुढे जे ऐकू येते त्याचे श्रेय अन्य कोणाकडे जाते. ध्वनिमुद्रिका लावणाऱ्या मनुष्यास 'डिस्क जॉकी' म्हणून रेडिओने नाव दिले तेव्हाही त्याच्याकडे कलावंत म्हणून कोणी पाहत नव्हते. तो निवेदक होता, फार तर रसिक मध्यस्थ होता.

१९६०च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्क शहरात या मध्यस्थाने जे केले, त्याचे वर्णन 'लावणे' या क्रियेचे 'वाजवणे' या क्रियेत रूपांतर करण्याचा प्रयत्न, असे करता येईल. संगणकीय सॉफ्टवेअरमुळे गेल्या पंचवीस वर्षांत जो वाद उभा राहिला, त्यातील आरोपाचे सारही याच दोन क्रियापदांत सांगता येते. डीजे पुन्हा नुसताच 'लावू' लागला आहे, असा तो आरोप आहे. दोन ध्वनिमुद्रिकांचे ठोके हाताने आणि कानाने जुळवणारा डीजे खरा, की संगणकाने ते जुळवून दिल्यावर उरलेल्या कामात लक्ष घालणारा डीजेही तितकाच खरा? वरवर पाहता हा एका व्यवसायातील साधनांविषयीचा वाद आहे. परंतु प्रयोग म्हणजे काय, कलावंताच्या कृतीचे मूल्य तिच्या फलितात असते की ती घडण्याच्या रीतीत, आणि प्रयोग करणारा समोरच्या समुदायाला नेमके कशाचे वचन देतो, हे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. म्हणूनच साहित्यविचाराला तो परका नाही.

२

प्रथम कसबाचे स्वरूप लक्षात घ्यावयास हवे. न्यूयॉर्कच्या 'सँक्चुअरी' या क्लबमध्ये १९७०च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो याने एक गाणे संपण्यापूर्वीच दुसरे त्याच्या ठोक्यावर आणून बसवण्याची रीत रूढ केली. नाचणाऱ्यांच्या पायांना खंड जाणवू नये, हा तिचा हेतू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत बहिणीने आयोजित केलेल्या मेळाव्यात जमैकात जन्मलेल्या क्लाइव्ह कँपबेल ऊर्फ कूल हर्क याने तबकड्या लावल्या. ही घटना हिपहॉपचा आरंभ म्हणून आज सांगितली जाते. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा अल्पसा भाग आला की नाचणारे पेटून उठतात, हे हर्कने हेरले आणि एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो भाग लांबवत नेण्याचे तंत्र त्याने बसवले. ग्रँडमास्टर फ्लॅश याने तबकडीवर खडूने खुणा करून, ती किती फेरे मागे न्यायची याचा हिशेब ठेवून त्याला काटेकोर रूप दिले. १९८१ मध्ये त्याची तीन टर्नटेबलांवर सादर केलेली जुळणी स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून प्रसिद्ध झाली. इतरांच्या ध्वनिमुद्रिका हेच वाद्य आणि त्यांची जुळणी हीच रचना, हा दावा तेथे उघडपणे मांडला गेला.

या कसबाला एका यंत्राने आकार दिला. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलाच्या १९७९च्या आवृत्तीत तबकडीची गती आठ टक्क्यांपर्यंत कमीअधिक करणारी सरकपट्टी होती. मिनिटाला १२४ ठोक्यांचे एक गाणे आणि १२६ ठोक्यांचे दुसरे यांना एकत्र आणायचे तर पहिल्याची गती सुमारे १.६ टक्क्यांनी वाढवावी लागते. हा आकडा कोठे लिहिलेला नसतो. एका कानाला हेडफोन आणि दुसरा कान सभागृहाकडे, अशा स्थितीत दोन संगीतांमधील तफावत ऐकून तो शोधावा लागतो. तो सापडल्यावरही काम संपत नाही. १२० ठोक्यांच्या गतीत दोन तबकड्यांमध्ये केवळ एक दशांश ठोक्याचा फरक राहिला तरी एका मिनिटात त्या सेकंदाच्या विसाव्या भागाने सरकतात, आणि चार मिनिटांनी घसरण कोणाच्याही पायांना जाणवते. म्हणून बोट सतत तबकडीच्या कडेवर, किंचित ढकलत किंवा किंचित रोखत, असावे लागते. शिवाय गती वाढली की स्वरही चढतो. सहा टक्क्यांच्या वाढीने गाणे जवळजवळ अर्धस्वराने वर जाते. अशा रीतीने लय आणि स्वर यांच्या परस्परावलंबनातून डीजेचा कान घडत गेला.

३

या शतकाच्या आरंभी हे चित्र पालटले. एका डच कंपनीच्या 'फायनल स्क्रॅच' या प्रणालीने, आणि २००४ मध्ये आलेल्या 'सेराटो स्क्रॅच लाइव्ह'ने, एक चमत्कारिक वस्तू निर्माण केली. ती म्हणजे संगीतच नसलेली ध्वनिमुद्रिका. तिच्यावर केवळ स्थान सांगणारा संकेत कोरलेला असतो. हात तबकडी पूर्वीसारखीच हलवतो, पण ऐकू येते ती संगणकातील फाइल. यानंतरची पायरी ठोके आपोआप जुळवण्याची होती. बर्लिनच्या 'ट्रॅक्टर'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आली, आणि २०१२ मध्ये क्लबांतून प्रमाण मानल्या जाणाऱ्या पायोनिअरच्या यंत्रावरही 'सिंक' हे बटण आले. मधल्या काळात गती बदलूनही स्वर स्थिर ठेवण्याची सोय झाली होती. म्हणजेच जे परस्परावलंबन कानाला घडवत होते तेच विरघळले. त्याच २०१२ साली डेडमाऊस या नावाने प्रसिद्ध असलेल्या कॅनडाच्या संगीतकाराने, मोठ्या जलशांत आपल्यासकट बहुतेक सर्वजण मुख्यतः 'प्ले'चे बटण दाबतात, अशा आशयाचे जाहीर लेखन केले आणि वाद चिघळला. २०१० मध्ये थांबलेले एसएल-१२००चे उत्पादन २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. हाताने वाजवण्याविषयीची ओढ मावळली नव्हती, याची ती एक खूण म्हणता येईल.

येथे एक ऐतिहासिक उपरोध नोंदवणे आवश्यक आहे. हाताने तबकडी फिरवणे म्हणजे 'प्रत्यक्ष', आणि संगणक म्हणजे 'अप्रत्यक्ष', अशी विभागणी करणारे ज्या भूमीवर उभे आहेत, तीच भूमी एकेकाळी कृत्रिमतेचे प्रतीक मानली गेली होती. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, त्यामागे रेडिओ आणि ज्यूकबॉक्स हे जिवंत वादकांची जागा घेतील ही भीती होती. त्या वादकांच्या दृष्टीने दोन तबकड्या कितीही कौशल्याने जुळवल्या तरी तो त्यांच्या पोटावरचा पाय होता. फिलिप ऑस्लँडर यांनी १९९९ मधील 'लाइव्हनेस' या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे 'प्रत्यक्ष' ही कोटीच मुळी पुनरुत्पादनाच्या तंत्रानंतर जन्माला येते. ध्वनिमुद्रण अस्तित्वात नव्हते तेव्हा संगीताला 'प्रत्यक्ष' म्हणण्याचे कारणच नव्हते. मग सीमारेषा प्रत्येक नव्या यंत्राबरोबर सरकते आणि कालचे यंत्र आज हाताच्या बाजूला येऊन बसते, हे ओघानेच आले. परंतु सीमारेषा सरकते म्हणून ती निरर्थक ठरते, असे मात्र या युक्तिवादातून निघत नाही. ती प्रत्येक वेळी कशाचे रक्षण करण्यासाठी आखली जाते, हे पाहावयास हवे.

४

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलाविषयक विचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवून दिले, आणि कलेची संकल्पना या दोहोंमधील ताणातूनच समजून घ्यावी लागते असे प्रतिपादन केले. प्रस्तुत वाद मिटत का नाही, याचे उत्तर या मांडणीच्या आधारे मिळू शकेल. अलौकिकतावादी ध्रुवावरून पाहिले तर विचारार्थ घ्यायचा तो ऐकू येणारा नादबंध. तो सुसंघटित असेल तर ठोके कोणी जुळवले, हा प्रश्न कलाबाह्य ठरतो. लौकिकतावादी ध्रुवावरून पाहिले तर कलाकृती ही मानवी कृती आहे. ती कोणी, कोणत्या अडचणींतून, कोणासाठी केली हे तिच्या अर्थाचा भाग असते. सॉफ्टवेअरचा पुरस्कर्ता पहिल्या ध्रुवावरून बोलतो, विरोधक दुसऱ्यावरून. मात्र दोघेही सोयीनुसार जागा बदलतात. हाताचा पुरस्कर्ता 'तबकडीचा नाद अधिक ऊबदार' असा पहिल्या ध्रुवावरचा दावा करतो. सॉफ्टवेअरचा पुरस्कर्ताही 'वाचलेला वेळ श्रोत्यांकडे पाहण्यात घालवता येतो' असे म्हणून दुसऱ्या ध्रुवाचा आश्रय घेतो.

'ऐकणाऱ्याला फरकच कळत नसेल तर फरक कसला?' हा पहिल्या ध्रुवाचा निर्णायक वाटणारा प्रश्न आहे. नेल्सन गुडमन यांनी 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' (१९६८) मध्ये अस्सल चित्र आणि हुबेहूब नक्कल यांच्या संदर्भात त्याचे उत्तर दिले आहे. आज डोळ्यांना फरक दिसत नसला तरी फरक आहे हे ज्ञान पाहण्याची रीत बदलते, कशाकडे लक्ष द्यायचे ते शिकवते, आणि म्हणून ते सौंदर्यदृष्ट्या संबद्ध असते. डेनिस डटन यांनी १९७९ मध्ये याच प्रश्नाला वेगळे वळण दिले. त्यांच्या मते प्रत्येक कलाकृतीत एक साध्य गाठलेले असते, आणि नक्कल वाईट ठरते ती त्या साध्याविषयी खोटे सांगते म्हणून. पियानोचे ध्वनिमुद्रण यंत्राने वेगवान करून ऐकवले, तर कानाला तेच विद्युत्गतीचे वादन ऐकू येईल. पण त्या वादनाचे कौतुक करणारा श्रोता प्रत्यक्षात न घडलेल्या गोष्टीचे कौतुक करत असेल. हा दाखला डीजेच्या प्रश्नाला थेट भिडतो. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष सॉफ्टवेअरच्या विरोधातला नाही. वेग यंत्राचा आहे हे सांगितलेले असेल तर तेच ध्वनिमुद्रण निराळ्या प्रकारची, पण प्रामाणिक कृती ठरू शकते. दोष यंत्राच्या वापरात नसून साध्याच्या चुकीच्या निवेदनात आहे. तेव्हा पुढचा प्रश्न असा की, डीजेच्या प्रयोगातील साध्य कोणते?

५

या प्रश्नाचे उत्तर देताना 'प्रत्यक्ष' या एका शब्दात कोंबल्या गेलेल्या तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. हस्तकौशल्य ही पहिली, प्रसंगी घेतलेला निर्णय ही दुसरी, आणि जोखीम, म्हणजे जे घडेल ते आधीपासून निश्चित नसणे, ही तिसरी. या तिन्ही एकत्रच नांदतात असे वादातील दोन्ही पक्ष धरून चालतात. पण तसे नाही, हे दाखवणारी दोन उदाहरणे डीजेच्या इतिहासातच आहेत.

पहिले उदाहरण डीएमसी या संस्थेच्या जागतिक स्पर्धेचे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून चालत आलेल्या या स्पर्धेत अंतिम फेरीतील स्पर्धक सहा मिनिटांचे सादरीकरण करतात. हस्तकौशल्याचा याहून मोठा कस क्वचितच लागत असेल. परंतु ही सहा मिनिटे महिनोन्महिने घोटलेली असतात. समोरच्या श्रोत्यांकडे पाहून स्पर्धक ऐनवेळी तबकडी बदलत नाही. येथे हात आहे, हाताची जोखीमही आहे, पण निर्णय आधीच झालेला आहे.

दुसरे उदाहरण गोव्याचे. हणजूणच्या किनाऱ्यावर १९८०च्या दशकात रात्रभर चालणारे जे मेळावे होत, त्यांत तबकड्या जवळजवळ नव्हत्याच. उष्मा, धूळ आणि प्रवासातील ओझे यांमुळे तेथील डीजे कॅसेटवर आणि पुढे डीएटी या अंकीय फितीवर विसंबून असत. गाण्यांतील शब्द गाळून, संगीताचे तुकडे आधीच जोडून त्या फिती तयार केल्या जात. कॅलिफोर्नियाहून १९७०च्या आसपास भारतात आलेल्या आणि २०२३ मध्ये निधन पावलेल्या गोवा गिल याने तर पुढील काळात चोवीस तासांपर्यंतचे प्रयोग डीएटीच्या यंत्रांवर केले. या फितींची गती बदलता येत नसे. म्हणजे ज्याला डीजेची मूळ विद्या म्हटले जाते, ते ठोके जुळवणे तेथे शक्यच नव्हते. एका रचनेच्या ताल नसलेल्या शेवटात दुसरीचा आरंभ मिसळायचा, एवढेच हाताला काम. तरीही मध्यरात्रीचा अंधार, पहाटेचा गारवा आणि सूर्योदय यांच्याशी जोडलेला संगीताचा क्रम, पुढची फीत कोणती आणि ती केव्हा लावायची याचा निर्णय, यांतून जे उभे राहिले त्याने पुढे एका स्वतंत्र संगीतप्रकाराला गोव्याचे नाव दिले.

पहिल्या उदाहरणात कसब आहे आणि निर्णय नाही. दुसऱ्यात निर्णय आहे आणि कसब जवळजवळ नाही. म्हणजे हाताने ठोके जुळवणे हे डीजेच्या प्रयोगाचे पुरेसे लक्षण नाही आणि आवश्यक लक्षणही नाही. 'सिंक'चे बटण जे काढून घेते ते एक कसब आहे, प्रयोगाचे सत्त्व नव्हे, असे यावरून म्हणावे लागते.

६

मर्ढेकरांच्या परिभाषेचा येथे उपयोग होतो. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन प्रकार सांगितले. ठोके जुळवणे ही संवादलयीची केवळ पूर्वअट होय. दोन गाणी एका गतीत आली म्हणजे ती एकमेकांशी बोलू लागली, असे होत नाही. दुसऱ्या गाण्यातील स्त्रीस्वर पहिल्यातील निःशब्द पोकळीत कोठे पडतो, खर्जाचा भार एकाकडून दुसऱ्याकडे केव्हा सोपवला जातो, वीस मिनिटे ताणलेल्या एकसुरीपणानंतर अचानक आलेले जुने, ओळखीचे गाणे विरोधाने काय उजळते, आणि रात्रीच्या अखेरीस या साऱ्याचा तोल कसा साधतो, हे प्रश्न लयीचे आहेत. त्यांतील एकाचेही उत्तर मिनिटातील ठोक्यांच्या आकड्यात नाही. संगणक पूर्वअट पुरी करतो. तेवढ्यावरच थांबणारा डीजे नीरस असेल. पण हाताने पूर्वअट पुरी करून तेथेच थांबणाराही तेवढाच नीरस असतो.

इतरांची सामग्री घेऊन प्रसंगानुरूप गुंफण करणाऱ्या कलावंताचा मान मराठी परंपरेला अनोळखी नाही. नारदीय कीर्तनकार संतांचे अभंग आणि पंडित कवींच्या आर्या-श्लोक पूर्वरंगात व उत्तररंगात ओवत जातो. त्याने अभंग स्वतः रचलेला नाही, ही तक्रार कोणी करत नाही. श्रोत्यांची पेंग पाहून आख्यान कोठे आवरायचे आणि गजर कोठे वाढवायचा, हे ज्याला कळते तो कीर्तनकार. बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा करताना संहितेला अनेक लेखनांच्या एकत्र येण्याची जागा मानले आणि तिची एकात्मता वाचकाकडे सोपवली. डीजे हा असा वाचक आहे, की ज्याचे वाचन चारचौघांत मोठ्याने घडते. आरंभी नोंदवलेल्या क्रियापदाकडे येथे परतावे लागते. मराठीत ध्वनिमुद्रिका लावतात हे खरे. पण तंबोराही लावतात, सूरही लावतात, क्रम लावतात आणि अर्थही लावतात. 'लावणे' हे 'वाजवणे'हून हीन आहे, हा समज भाषेने दिलेला नाही. तो यंत्राविषयीच्या धास्तीतून आला आहे.

७

एवढ्यावरून सॉफ्टवेअरच्या बाजूने निकाल लागला असे समजणे घाईचे ठरेल. कारण कसब आणि निर्णय तर्कदृष्ट्या वेगळे असले तरी शिक्षणाच्या प्रक्रियेत ते वेगळे राहतात असे नाही. दोन तबकड्यांमधील विसाव्या भागाची घसरण ओळखण्यासाठी ज्याने वर्षानुवर्षे एकाग्रतेने ऐकले, त्याला त्या ऐकण्याने आणखी बरेच काही दिले असेल. गाण्याची आंतररचना, त्यातील श्वास, त्याचा थकवा हे सारे त्याच्या कानात उतरले असेल. पडद्यावरील तरंगाकृती पाहून काम करणारा तेच पाहतो जे चित्रित करता येते. विजेवर चालणारा तंबोरा घरोघरी आल्यावर तंबोरा जुळवता न येणाऱ्या विद्यार्थ्याच्या स्वरज्ञानाविषयी शास्त्रीय संगीताच्या गुरूंनी जी चिंता व्यक्त केली, ती याच जातीची आहे. मैफलीत विजेचा तंबोरा वापरणे हा अपराध नव्हे. परंतु जुळवण्याच्या कष्टातून जे ऐकणे घडत होते, त्याची जागा दुसऱ्या कोणत्या साधनेने भरून काढली, हा प्रश्न विचारणे रास्त आहे. हाताच्या पुरस्कर्त्यांचा खरा मुद्दा हा आहे, आणि तो त्यांच्याकडून क्वचितच नेमका मांडला जातो.

याच्या उलट बाजूस एक नैतिक मुद्दा आहे. हाताच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांकडे दोन टर्नटेबले, मिक्सर आणि तबकड्यांचा संग्रह असतो, आणि तो पैशांशिवाय होत नाही. ब्राँक्समध्ये ही कला साधनवंतांनी जन्माला घातली नव्हती. जे हाताशी होते ते वापरण्याच्या धिटाईतून ती आली. एका संगणकावर सारे करू पाहणाऱ्या आजच्या तरुणाला त्याच इतिहासाच्या नावाने दाराबाहेर ठेवणे, हा त्या इतिहासाचाच विपर्यास होय. शिवाय सॉफ्टवेअर नेहमी हस्तक्षेप कमीच करते असेही नाही. ध्वनिमुद्रणातील गायन, तालवाद्ये आणि खर्ज ऐनवेळी वेगळे करण्याची सोय अलीकडच्या सॉफ्टवेअरमध्ये आली आहे. तबकडीवर अभेद्य असलेले गाणे त्यामुळे खुले झाले, आणि निर्णयाच्या जागा वाढल्या.

मग फसवणूक नेमकी कोठे होते? प्रचंड जलशांत दिवे, पडद्यावरील दृश्ये आणि आतषबाजी संगीताशी क्षणाक्षणाला बांधायची असतील, तर संगीताचा क्रम आधीच ठरवणे सोयीचे आणि पुष्कळदा अपरिहार्य होते. तेथे निर्णय हिरावून घेतला जातो तो सॉफ्टवेअरमुळे नव्हे. भव्यतेला अनिश्चितता परवडत नाही म्हणून. असा पूर्वनियोजित प्रयोगही प्रामाणिक असू शकतो. चित्रपट पूर्वनियोजित असतो म्हणून त्याला कोणी खोटे म्हणत नाही. परंतु व्यासपीठावरील मनुष्य जेव्हा काहीही न बदलणाऱ्या कळी फिरवतो, हेडफोन कानाला लावून नसलेले काही ऐकल्याचा आविर्भाव करतो, तेव्हा तो डटन यांच्या अर्थाने आपल्या साध्याविषयी खोटे सांगतो. नटाचा अभिनय प्रेक्षकाला अभिनय म्हणून ठाऊक असतो, आणि म्हणूनच तो फसवणूक ठरत नाही. येथे तो संकेत अस्तित्वात नाही. श्रोत्याची समजूत अशी असते की, समोरचा मनुष्य त्याच्या प्रतिसादाकडे पाहून काही ठरवत आहे. तो हात उंचावतो तो त्या मनुष्याला उत्तर म्हणून. ते उत्तर कोणापर्यंतही पोहोचत नसेल, तर अपमान संगीताचा झालेला नसतो. तो श्रोत्याचा झालेला असतो.

८

प्रयोगाचे नैतिक अधिष्ठान या उत्तरदायित्वात शोधावे लागेल. छापील कवितेला वाचकाच्या चेहऱ्याकडे पाहून आपली पुढची ओळ बदलता येत नाही, आणि ती तसे वचनही देत नाही. प्रयोग मात्र, कितीही अल्प प्रमाणात का होईना, 'तुमच्यामुळे हे वेगळे घडू शकते' असे म्हणत असतो. जोखमीचे मूल्य येथे आहे. चूक होण्याची शक्यता ही स्वतः मौल्यवान नाही. घसरलेल्या ठोक्यांत कोणतेही सौंदर्य नसते. परंतु जेथे चूक होण्याचीही सोय उरलेली नाही तेथे ऐनवेळी काही सुचण्याचीही सोय उरत नाही, कारण दोहोंचे दार एकच आहे. म्हणून डीजेने हाताने जुळवावे की संगणकाने, या प्रश्नाऐवजी असे विचारणे अधिक फलदायी ठरेल : या प्रयोगात निर्णय कोण घेतो, तो केव्हा घेतला जातो, आणि ऐकणाऱ्याला त्याची यथार्थ कल्पना आहे काय? ज्या सॉफ्टवेअरने ठोके जुळवले त्यानेच उद्या पुढचे गाणेही निवडले, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलेल. आणि तेथे मात्र केवळ कसबाचे नव्हे, प्रयोगाचेच स्वरूप पालटेल. ठोके जुळवणाऱ्या यंत्राला आक्षेप घेण्यात शक्ती खर्च करणाऱ्यांच्या हातून हा मोठा बदल निसटण्याचा धोका आहे.

या धोक्याची एक भाषिक खूण महाराष्ट्रात आधीच दिसते. न्यूयॉर्कमध्ये एका मनुष्याचे नाव असलेला 'डीजे' हा शब्द येथील मिरवणुकांत वाहनावर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या थप्पीला लागू झाला. 'डीजेची भिंत' असा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून सर्रास होतो, डीजेवर बंदी घालण्याची मागणी होते, आणि त्यात कोणा व्यक्तीवर बंदी अभिप्रेत नसते. ढोलताशांशी या भिंतीची तुलना केली जाते तीही केवळ आवाजाच्या मोजमापावर थांबत नाही. ढोलाच्या मागे माणसे दिसतात, भिंतीच्या मागे कोणी दिसत नाही, हे त्या तुलनेतील न बोललेले अर्धे असते. शब्दातून माणूस नाहीसा व्हायला कोणत्याही सॉफ्टवेअरची गरज लागली नाही. गाणी कोणीतरी लावत होते, परंतु त्यांचा क्रम, त्यांचा सूर आणि त्यांचा अर्थ लावणारा कोणी आहे, असे ऐकणाऱ्यांना वाटेनासे झाले, एवढे पुरले.